खालचा कप्पा वर आहे, बाळारामकाका

अन्याय कुणावर झाला ते आधी सांगते. पूनमवर झाला. विज्ञान शाखा, पहिलं वर्ष, खालापूरच्या डोंगराकडच्या एका वाडीवरून येणारी पूनम. या सोमवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, आपल्या विद्यापीठ उपकेंद्राच्या ग्रंथालयात. काउंटरवरून तिची मागणी चिठ्ठी तिसऱ्यांदा परत आली. चिठ्ठीवर लाल पेनाने एकच शब्द होता: नाही. तिच्या मागे तिच्याच वर्गातली आणखी पोरं उभी होती. त्यांच्याही चिठ्ठ्यांवर तोच शब्द, तीच लाल शाई.

दुसरा अन्याय तुमच्यावर झाला, काका. मागच्या वर्षी, विसर्जनानंतरच्या पहिल्या गुरुवारी, दुपारी तीन वाजता, उपकेंद्राच्या गेटवर. तो मी केला. पत्रक छापून केला, आणि वर हसत हसत वाटला.

तुम्हाला जाऊन आज एकवीस दिवस झाले. सकाळी ड्युटीवर निघताना, मोटारसायकलची चावी हातात असताना, तुम्ही ओट्यावर बसलात ते उठला नाहीत. मी त्या दिवशी माथेरानला होते, हॉटेलातल्या कामगारांच्या सभेचं पत्रक वाटत. वर फोनला रेंज नव्हती. घोड्यांच्या रस्त्याने खाली उतरून तुमच्या गावात पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. काकी म्हणाल्या, "जेवून जा." मी जेवले. काय बोलायचं ते तिथे सुचलं नाही, म्हणून आता इथे बोलते. आणि मोठ्याने बोलते, कारण या एकवीस दिवसांत ग्रंथालयात जे चाललंय ते बघून माझं डोकं फिरलंय.

कागदावर तुम्ही परिचर होतात. मागितलेलं पुस्तक काढून द्यायचं, परत आलेलं जागेवर लावायचं, धूळ झटकायची. नव्या पोरांना ग्रंथालय कसं वापरायचं ते शिकवावं, असं तुमच्या कामाच्या यादीत कुठेच नव्हतं. खरं तर ते कुणाच्याच यादीत नव्हतं. पहिल्या दिवशी सभागृहात आमचं स्वागत झालं, फुलं दिली, कुणीतरी म्हणालं, "आपल्याकडे समृद्ध ग्रंथालय आहे, त्याचा लाभ घ्या." लाभ कसा घ्यायचा? चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिहा, लेखकाचं नाव लिहा, काउंटरवर द्या. आणि बारावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या पोरीला नावच माहीत नसलं तर? तर तिने घरी जावं. मी तशी चार दिवस गेले. शिळफाट्याला उतरायचे आणि आईला सांगायचे, आज ग्रंथालयात बसले होते. बसले होते हे खरंच होतं. बाहेरच्या बाकावर.

पाचव्या दिवशी तुम्ही त्या बाकापाशी आलात.

"काय गं, कुनाची वाट बघतेस?"

"कुणाची नाही."

"मग पुस्तकाची बघत असशील. ती बाहेर येत नाय. आत जावं लागतं."

मी म्हटलं, मला पुस्तकाचं नाव माहीत नाही.

"नाव मला तरी कुठं ठावं? तुझा प्रश्न काय हाय ते सांग. घरचा सांग. मास्तरांचा नको."

घरचा प्रश्न! तीन वर्षांत एकाही प्राध्यापकाने मला तो विचारला नाही. मी सांगितलं, आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, तीच डाळ आत्याकडे शिजते. तुम्ही हसला नाहीत. कागदाच्या कपट्यावर माझ्याकडून मराठीतच लिहून घेतलंत. मग आठ जणांची टोळी जमवून आम्हाला काउंटरच्या आत नेलंत. त्याला तुम्ही 'फेरी' म्हणायचात.

फेरीत तुम्ही पुस्तक काढून दिलं नाहीत. तेच तर सगळ्यांना खटकायचं. प्रत्येकाने आपला प्रश्न घेऊन संगणकापाशी बसायचं. मी 'पाणी' टाकलं, काही आलं नाही. इंग्रजीत टाकलं, तर पानंच्या पानं आली. तुम्ही मागे उभे राहून म्हणालात, "डाळ शिजत नाय म्हंजे पान्यात काय हाय? आनि ते हाय का नाय ते कसं बघतात?" तेव्हा कुठे मला बारावीचं 'कठीण पाणी' आठवलं, त्याची तपासणी आठवली, आणि पडद्यावर एक नंबर आला. पाचशे त्रेचाळीस. रॅक चार, सर्वांत खालचा कप्पा. "जा, आन."

मी गेले. खालचा कप्पा रिकामा. अगदी रिकामा, काका, पुसून ठेवलेल्या ताटासारखा. मला वाटलं, माझीच चूक. म्हणून डोळ्यांसमोरच्या कप्प्यातलं सगळ्यात जाड पुस्तक उचलून आणलं. निदान अभ्यासू तरी दिसेन.

तुम्ही पाठीवरची चिठ्ठी वाचलीत. "ह्याच्या पाठीवर काय लिवलंय? पाचशे एकेचाळीस. तुला काय पायजे? मग हे कशाला आनलंस, उशाला घ्यायला?"

सगळी टोळी हसली. मी चिडले. "खाली काहीच नाहीये!"

"बरोबर. पावसात भात खाली ठेवतं का गं कुनी?"

तेव्हा वर बघितलं. रॅकच्या डोक्यावर, छताच्या खाली हातभर, खताच्या धुतलेल्या गोण्या ओळीने बांधून ठेवलेल्या. प्रत्येक गोणीत एका खालच्या कप्प्याची पुस्तकं, मध्ये कडुलिंबाचा पाला. आपल्याकडच्या पावसात त्या इमारतीची फरशी पाझरते हे तुम्हाला पहिल्याच वर्षी कळलं होतं. वरिष्ठांना सांगितलंत, त्यांनी 'नोंद घेतली.' मग तुम्ही घरी भाताचं जे करता तेच इथे केलंत. मृगाच्या आधी खालचं सगळं वर, दिवाळीनंतर परत खाली. आणि नवी पोरं येतात नेमकी पावसातच. म्हणजे संगणक सांगणार खाली, आणि पुस्तक असणार वर. ही गोष्ट फक्त तुमच्या फेरीत कळायची.

मी स्टुलावर चढले. गोणी सोडली. हवं ते पुस्तक काढलं आणि पहिल्या पानापासून वाचायला बसले. तुम्ही ते माझ्या हातात उलटं फिरवलंत. "मागून उघड. मागं यादी असते. तुझा शब्द शोध, पान बघ, तेवढंच वाच. सगळं वाचायला तू काय परीक्षक हायस?" इंग्रजी पुस्तकातलं एक वाक्य तुम्हाला वाचता येत नव्हतं. ते तुम्ही कधी लपवलं नाहीत. "मला त्यातलं काय कळत नाय. ते कुठं ऱ्हातं तेवढं ठावं."

त्या पुस्तकाने मी आमच्या बोअरचं पाणी तपासलं. आई अजून म्हणते, पोरीने सायन्स घेऊन एकच उपयोगाचं काम केलं.

इथपर्यंत सगळे मान डोलावतील. तुमच्यावर भाषण करायला सांगितलं तर कार्यालयातले लोकही एवढं बोलतील. पुढचं बोलणार नाहीत.

पुढचं म्हणजे आपलं भांडण. दुसऱ्या वर्षापासून मी तुमच्या मागे लागले होते की हे लिहून लावा. नकाशा काढा. कुठल्या रॅकचा खालचा कप्पा कुठल्या गोणीत, फलकावर येऊ द्या. मराठीत एक पानाची माहिती छापू, मी छापून आणते. तुम्ही दरवेळी उडवून लावलंत.

"बोर्ड लावला की पोरं बोर्डाला इचारतील. बोर्ड उलटा इचारतो का, डाळ का शिजत नाय म्हून?"

"आणि तुम्ही रजेवर गेलात तर?"

"मी रजेवर जात नाय."

"काका, माणूस आजारी पडतो!"

"तुझ्या तोंडात साखर पडो, पत्रकवाले."

तुम्ही मला तेव्हापासून पत्रकवाली म्हणायला लागलात. मला ते आवडायचं, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आणि तुम्ही चुकत होतात, हेही मी आज मागे घेणार नाही. तुम्ही गेलात म्हणून मी वाद हरलेले नाही. लिहून ठेवायला हवं होतं. आज पूनम काउंटरवर उभी आहे त्याला तुमचा हट्टही कारण आहे, काका. रागवा हवं तर.

पण मग मी काय केलं? मी तुमचं ऐकायचंही सोडलं आणि तुम्हाला समजून घ्यायचंही. तिसऱ्या वर्षाला पत्रक काढलं. मथळा होता, 'ग्रंथालय कुणाच्या मेहेरबानीवर?' आणि आत एक वाक्य होतं, ज्याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला: 'पुस्तक कुठे आहे हे एकाच माणसाला माहीत असणं, याला व्यवस्था म्हणत नाहीत.' माझा रोख कार्यालयावर होता. मी शपथेवर सांगते. पण पत्रक वाचणारा रोख वाचत नाही, शब्द वाचतो. हे मला, मीच पत्रकं लिहिणारी असून, कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी कार्यालयातल्या साहेबांनी तेच वाक्य अधोरेखित करून तुम्हाला दाखवलं. विद्यार्थ्यांचीच तक्रार आहे म्हणाले. मग लेखी आदेश: फेरी बंद. नव्या पोरांना काउंटरच्या आत न्यायचं नाही. तुमची खुर्ची दारापाशी, पिशव्या ठेवायच्या टेबलावर. फरशी पाझरते यावर एक ओळ नाही. तुमच्या जागी फेरी कोण घेणार यावर एक ओळ नाही. माझं पत्रक त्यांना आयतं सापडलं होतं.

मी धावत आले. तुम्ही पत्रकाची चार घड्यांची पट्टी करून टेबलाच्या हलत्या पायाखाली सरकवली होती.

"कागद बरा वापरतेस," म्हणालात. "हलायचं थांबलं."

"काका, ते तुमच्याबद्दल नव्हतं."

"मग इथं दुसरा कोन हाय, ज्याला पुस्तकं ठावी हायत?"

त्या वेळी माफी मागायची होती. मी काय केलं? अर्ज लिहिला. साहेबांना, तीन प्रतींत, तुम्हाला परत आत घेण्यासाठी. तो आवक वहीत नोंदला गेला आणि तिथेच राहिला. मला अर्ज लिहिता येतात. 'काका, चुकलं' एवढं म्हणता येत नाही. वर्षभर रोज तुमच्याकडे पिशवी ठेवली, रोज टोकन घेतलं, आणि रोज वाटलं, उद्या बोलू.

तुम्ही मात्र पिशवी घेता घेता पोरांना विचारायचं सोडलं नाहीत. "काय शोधतोस? रॅक सात, वर बघ." हळू आवाजात, जसं काही चोरीचा माल विकताय. आणि या वर्षीही, मृगाच्या आधीच्या रविवारी, कुणी सांगितलेलं नसताना, सुट्टीच्या दिवशी येऊन तुम्ही एकट्याने सगळे खालचे कप्पे वर चढवलेत. हे मला पहारेकऱ्याने तुम्ही गेल्यावर सांगितलं. मला बोलावलं असतंत तर मी आले नसते का? की तुम्हाला वाटलं, ही त्याचंही पत्रक काढेल?

आता सोमवार ऐका.

पूनमचा प्रश्न असा आहे: वाडीवरचा झरा पूर्वी होळीपर्यंत टिकायचा, आता संक्रांतीलाच आटतो, का? तिला पहिल्या सत्राच्या प्रकल्पासाठी तोच विषय घ्यायचाय. विषय मांडायची मुदत महिनाअखेर. पुस्तक दाखवलं नाही तर सर तिला फळ्यावरच्या तयार यादीतला कुठलातरी विषय देणार, तिने तो कुठूनतरी उतरवून काढायचा, झालं विज्ञान. मी तिच्यासोबत काउंटरवर होते. माझं ओळखपत्र संपलेलं, त्यामुळे काउंटरच्या अलीकडेच.

ग्रंथपाल मॅडमनी पडदा आमच्याकडे वळवला. 'उपलब्ध.' मग म्हणाल्या, "पण कप्प्यात नाही."

पूनम म्हणाली, "म्हंजे हाय का नाय?"

एवढा साधा, एवढा शास्त्रीय प्रश्न त्या इमारतीत बऱ्याच दिवसांत कुणी विचारला नसेल. मॅडमनी भिंतीकडे बोट केलं. उत्तर तिथे होतं, नवीन सूचना, ताजी चिकटवलेली: पडताळणीत कप्प्यात न सापडलेली पुस्तकं या महिन्यानंतर गहाळ म्हणून नोंदली जातील. रंगकामासाठी रॅकवरचं जुनं सामान, गोण्या वगैरे, काढून टाकण्यात येईल. पहिल्या वर्षाला तोवर आत प्रवेश नाही.

गोण्या वगैरे! काका, तुमच्या गोण्या!

मी ओरडलेच. "मॅडम, पुस्तकं त्या गोण्यांतच आहेत! एक स्टूल घ्या आणि बघा!"

"परिचराची जागा रिकामी आहे. वर चढणं दुसऱ्या कुणाच्या कामात येत नाही."

"मी चढते की," पूनम म्हणाली. "मला सवय हाय. आंब्यावर चढते, ह्ये काय उंच हाय?" तिने काउंटरच्या आत शिरून एक पाय स्टुलावर ठेवलाही होता.

"खाली उतर गं बाई! पडलीस तर माझी नोकरी जाईल." मग मॅडम आवाज खाली आणून माझ्याशी बोलल्या. "मला माहीत आहे ती वर आहेत. दर वर्षी माहीत असायचं. पण ते नियमाबाहेर होतं. मी कागदावर आणलं असतं तर मेमो त्यांनाच मिळाला असता. बाळाराम मला म्हणाले होते, लिहू नका मॅडम."

आठवतं, मी तुम्हाला हट्टी म्हटलं होतं? भेकडही म्हटलं होतं एकदा, तुमच्या पाठीमागे. फलक लावला असता तर पहिली ओळ तुमच्याविरुद्धचा पुरावा झाली असती. हे तुम्ही मला का नाही सांगितलंत? सांगितलं असतंत तर मी पत्रक काढलं असतं, म्हणून?

मॅडम म्हणाल्या, "लेखी द्या. कुठल्या रॅकचा कुठला कप्पा कुठल्या गोणीत. मोघम नको. शनिवारी बारापर्यंत दिलंत तर पडताळणीला जोडते, मग गोण्यांना कुणी हात लावणार नाही."

मी कागद घेऊन त्या बाहेरच्या बाकावर बसले. रॅक चार, पाचशे त्रेचाळीस, खिडकीकडून दुसरी गोणी. झालं. पुढे काही नाही. तीन वर्षं त्या ग्रंथालयात घालवली आणि मला एकच गोणी माहीत आहे! माझ्या टोळीत नेरळचा एक मुलगा होता. त्याचा प्रश्न नव्या बिल्डिंगीच्या भिंतीवर मीठ का फुटतं असा होता. तो कुठे चढला होता? मी बघितलंच नाही, मी माझ्या डाळीत होते. कर्जतच्या मुलीला उल्हास नदीतल्या माशांबद्दल काहीतरी हवं होतं. कुठला रॅक? नाही आठवत. पूनमचं झऱ्याचं पुस्तक पाचशे एक्कावन्नला असणार, पण कुठल्या गोणीत?

मी रागाने कागद चुरगाळला, आणि मग तसाच परत सरळ केला. कारण काका, तेव्हा मला माझं ते झकास वाक्य आठवलं. एकाच माणसाला माहीत असणं. खोटं होतं ते. तुम्ही दर पावसाळ्यात आठ-आठ जणांना वर चढवत होतात, प्रत्येकाला त्याच्या प्रश्नापुरती एक गोणी दाखवत होतात, आणि गोण्यांची जागा कधी बदलत नव्हतात. ते सगळं आमच्याकडे आहे. तुकड्या-तुकड्यांनी, वेगवेगळ्या गावांत, कुणाला आठवतं तर कुणाला नाही. तुमच्याकडे फक्त पूर्ण होतं.

चुकलं, काका. हे तीन प्रतींत नाही, एकाच प्रतीत आहे.

फलकाचं मात्र मी सोडणार नाही. गोण्या वाचल्या की नकाशा काढणारच, आणि तुम्ही वरून काहीही म्हणा.

आता तुम्ही जरा थांबा. मला हे वाचणाऱ्यांशी बोलायचंय.

तुमच्यापैकी ज्यांनी बाळारामकाकांची फेरी केली, तुम्ही आज कर्जतला शिकवत असाल, खोपोलीत कारखान्याच्या लॅबमध्ये असाल, नेरळला लग्न होऊन गेला असाल, मला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. तुमचा प्रश्न काय होता आणि तुम्ही कुठल्या रॅकवर चढलात, ते आठवा. आठवत नसेल तर तुमच्या टोळीतल्याला फोन करा. शोकसंदेश पाठवू नका, गटावर हात जोडलेली चित्रं टाकू नका. एका कागदावर लिहा: रॅक कितवा, कप्पा कुठला, गोणी खिडकीकडून कितवी, खाली सही. या शनिवारी बाराच्या आत तो कागद घेऊन स्वतः या. दारापाशी काकांचं टेबल अजून आहे, पाय हलत नाही. कागद तिथे ठेवा.

आणि ज्यांची ओळखपत्रं चालू आहेत, त्यांनी कागद ठेवून पळू नका. बाकावर पूनम बसलेली असेल, तिच्या शेजारी आणखी सात जण असतील. काउंटरवर सांगा की ही आमच्यासोबत आहेत, आणि नाही म्हणतील तर हो म्हणेपर्यंत तिथेच उभे राहा. मग त्यांना आत न्या. प्रत्येकाला विचारा, घरचा प्रश्न काय आहे. स्टूल धरा. पुस्तक मात्र काढून देऊ नका, त्यांना काढू द्या.